दसऱ्याच्या बाहुल्या आणि समोरचं घर

आमच्या गल्लीत हल्ली लोक राहत नाहीत, उतरतात. सकाळी दार उघडावं तर चाकांच्या बॅगा खडखडत चाललेल्या असतात आणि कुणीतरी फोन नाकासमोर धरून विचारतं, "आंटी, हे घर कुठलं?" मी हात करून दाखवते. राजवाडा पायी जाण्याइतका जवळ असल्याचा हा दंड आहे. पूर्वी याच गोष्टीचा आम्हाला केवढा तोरा होता. पाव्हणारावळा आला की आधी तेच सांगायचं, मग पाणी द्यायचं.

मी जन्मानं म्हैसूरची नव्हे. सासरची माणसं मात्र कितीतरी पिढ्या इथली. घरात मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं, की मी सांगलीकडून नवी नवरी म्हणून आले तेव्हा निम्मं डोक्यावरून जायचं. सासूबाई म्हणायच्या, "सुम्मने उभी काय राहिलीस, कूतको की गं." म्हणजे उगाच उभी राहू नकोस, बस. समोरच्या घरातली अक्का तर शुद्ध कानडी. तिला माझं येत नव्हतं, मला तिचं येत नव्हतं, आणि तरी आमचं पहिल्या आठवड्यातच जमलं. माझ्याहून ती थोडी मोठी. मला तंगी म्हणायची, धाकटी बहीण. पुढे मी कानडी शिकले ती तिच्याशीच बोलून.

म्हैसूरला नवरात्रात घरोघर बाहुल्या मांडतात. लाकडी पायऱ्यांवर पांढरं धोतर अंथरायचं. सगळ्यात वर राजा-राणीची लाकडी जोडी, खाली दशावतार, लग्नाची वरात, धान्याची पोती पुढ्यात घेऊन बसलेले ढेरपोटे वाणी आणि वाणीण. समोर परातीत आधीपासून नाचणी पेरून उगवलेली हिरवळ, ती या सगळ्यांची बाग. संध्याकाळ झाली की गल्लीतली पोरं दारोदार ओरडत यायची, "गोंबे कूरसिद्दीरा?" बाहुल्या मांडल्यात का? मांडल्या असतील तर बघायच्या, हातावर खाऊ पडला की पुढचं घर. बायकांना हळदीकुंकू. घरात कुणाचं आजारपण असो की भांडण, त्या दिवसांत दार उघडं.

राजा-राणीची जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. माझ्या माहेरी हे कुणाला ठाऊक? आम्ही आपले घट बसवणारे. पहिल्या नवरात्रात सासूबाईंनी त्यांची जोडी वर ठेवली आणि शेजारची माझी जागा मोकळी राहिली. बघायला येणारी प्रत्येक बाई त्या मोकळ्या जागेकडे बघायची आणि मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी अक्का पदराखाली काहीतरी झाकून आली. तिच्या आजीची जुनी जोडी होती, रक्तचंदनाची, राजाच्या नाकाचा टवका उडालेला. तिनं ती माझ्या जागेवर ठेवली आणि म्हणाली, "आता तुझं माहेर समोरच. साकु, पुरे, रडू नको."

तेव्हापासून दरवर्षी आधी तिच्या घरच्या बाहुल्या आम्ही दोघी मांडायचो, मग आमच्या. राणीला साडी नेसवणं तिच्याकडे, कारण माझ्या हातून निऱ्या सुटायच्या. "ही राणी आहे तंगी, बाजाराला निघालेली नाही," असं करवादत ती सगळं सोडून पुन्हा नेसवायची. गल्लीतलं बाकी काय बदललं, काय गेलं, त्याचं मला तेवढं वाटत नाही. मी काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही. माझं मागणं एकच होतं, अक्का समोर असावी.

पहिलं कोपऱ्यावरचं घर गेलं. म्हातारा-म्हातारी वारली, मुलं परदेशात. कुणीतरी ते घेऊन भिंतीवर सोनेरी झुलीचा हत्ती रंगवला आणि 'हेरिटेज' अशी पाटी लावली. मग त्याच्या शेजारचं. मिरच्या दळून देणारी गिरणी होती तिथे चंदनाचे साबण आणि लाकडी हत्ती आले. किराणावाल्याच्या जागी कॉफीचं दुकान आलं. तिथली कॉफी आमच्या घरातल्यापेक्षा वाईट असते, पण खुर्च्या बऱ्या आहेत. पाहुणे एक दिवस तलकाडला जातात, एक दिवस बैलकुप्प्याला, आणि मधल्या सकाळी आमच्या दारांचे फोटो काढतात. कधी त्या दारात मी असते, केरसुणीसकट. मी रागानं बघितलं की त्यांना तो फोटो जास्त आवडतो.

मग अक्काचा बंगळूरचा मुलगा म्हणाला, फक्त दसऱ्यापुरतं घर पाहुण्यांना देऊ, तेवढीच अप्पांच्या औषधपाण्याला मदत. मुलगा वाईट नाही. त्या वर्षी नवरात्रात अक्का आणि तिचा नवरा आमच्याकडे राहायला आले. तिनं बाहुल्या मांडल्याच नाहीत. तिची जोडी आणून आम्ही माझ्या जोडीशेजारी बसवली आणि मी मनात म्हटलं, चला, हेही काही वाईट नाही.

पण ती दिवसभर आमच्या खिडकीत. समोर तिच्याच जगलीवर, म्हणजे ओट्यावर, कुणीतरी पाय पसरून बसलेलं. एका सकाळी त्यांनी ओला टॉवेल तुळशीवर वाळत घातला. अक्काचा चेहरा उतरला. "तंगी, तू जाऊन सांग गं. मला जमायचं नाही."

मी पदर खोचून गेले. भांडायला मला आवडतं, आणि येतंही बरं. पण तो गृहस्थ बिचारा उभाच राहिला, दहादा सॉरी म्हणाला, टॉवेल उचलला, तुळशीला नमस्कारसुद्धा केला. मग म्हणाला, "आंटी, आमचा एक फोटो काढाल का?" मी काढला. तो नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. मी परत आले तेव्हा अक्कानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "चांगले आहेत." ती म्हणाली, "हं," आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसली.

नव्याचे नऊ दिवस, ही हौस फिटेल, असं आमचे हे म्हणत होते. फिटली नाही. दोन वर्षांत ते घर बाराही महिने पाहुण्यांचं झालं आणि अक्का रिंग रोडपलीकडे फ्लॅटमध्ये गेली. जाताना ती सारखी काहीतरी विसरल्यासारखी परत आत जात होती. मी टेम्पोपाशी उभी. शेवटी बसता बसता म्हणाली, "दसऱ्याला येतेच मी, अल्वा, हो ना? राणीला हात लावू नको मी येईपर्यंत."

आता ज्यांना म्हैसूर ठाऊक आहे त्यांना मी काय सांगू? दसऱ्यात बाकी जग आमच्या गल्लीत येऊ शकतं, रिंग रोडवरून अक्का येऊ शकत नाही. रस्ते बंद, पोलिसांचे अडथळे, रिक्षावाले राजवाड्याकडे यायचं नावच काढत नाहीत. पहिल्या वर्षी ती निघाली, अर्ध्या वाटेत गर्दीत अडकली आणि परत गेली. दुसऱ्या वर्षी गुडघा. त्यानंतर आम्ही दोघींनीही विषय काढणं सोडलं. फोनवर बोलायचो ते औषधांबद्दल आणि मुलांबद्दल. साडी मीच नेसवली, निऱ्या सुटल्या त्या सुटल्या.

आणि गल्लीत पोर म्हणून उरलं नव्हतं. रोज हरभऱ्याची उसळ करून मी संध्याकाळी दार उघडं टाकून बसायची. बाहेरून माणसांचा लोंढा चाललेला, सगळे रोषणाई बघायला. आमच्या उंबऱ्याकडे कुणी वळेना. अष्टमीला आमचे हे बाहेर गेले, चपला वाजवत परत आले आणि दारातून ओरडले, "गोंबे कूरसिद्दीरा?" पुढे बशी. मी हसले, मग उसळ वाढता वाढता रडले. ते म्हणाले, "सुम्मने रडू नको गं, मीठ आधीच जास्त आहे."

त्यानंतरच्या वर्षी एक गाईड मुलगी आली. लाल झेंडी घेऊन पाहुण्यांना गल्ल्या दाखवते. "मॅडम, आत येऊन बाहुल्या बघितल्या तर चालेल? सगळ्यांना अस्सल घर बघायचं असतं." पहिल्या दिवशी मी तिला हाकलली. रात्रभर विचार केला. बघायला कुणी नसेल तर मांडायच्या कशाला? दुसऱ्या दिवशी मीच तिला हाक मारली.

मग रीघ लागली. लोक हात लावायचे म्हणून पायऱ्यांपुढे दोरी बांधली. तेच तेच विचारायचे म्हणून सांगायचं पाठ झालं: ही बाग नाचणीची, हे वाणी, ही जोडी मुलीला माहेरून मिळते. पुण्याकडचे लोक आले की चीत्कारायचे, "अय्या, तुम्ही मराठी!" एक बाई म्हणाली, "किती गोड बोलता हो तुम्ही, जुनं जुनं." मग तिनं विचारलं, इथे चांगलं मराठी जेवण कुठे मिळेल. मी म्हटलं, "पुण्यात." ती हसली. मी थट्टा केली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, घर पुन्हा भरलेलं असायचं आणि मला ते बरं वाटायचं. फक्त कुंकू मात्र कुणाला लावायला जात नव्हते, त्यांना पुढे जायची घाई असायची.

गेल्या दसऱ्यात एका संध्याकाळी पिवळ्या टोप्या घातलेल्या बायकांचा घोळका आला. हरवू नयेत म्हणून टोप्या. कुठल्याशा सोसायटीनं आपल्या ज्येष्ठ मंडळींना बस करून आणलं होतं, बसला आतवर सोडतात. माझं सुरू होतं, "ही जोडी मुलीला माहेरून मिळते," आणि मागच्या रांगेत एका टोपीखाली अक्का.

तिनं हात थोडासा वर केला. वर्गात करतात तसा. माझं तोंड आपोआप चालूच राहिलं, वाण्यापर्यंत पोचलं. पुढची एक बाई म्हणाली, "ही तुमची जोडी कुठून आली? माहेर कुठलं तुमचं?"

मी अक्काकडे बघत म्हटलं, "इथलंच. समोरचं."

गाईड मुलगी हसून म्हणाली, "समोर तर होमस्टे आहे ना, मॅडम." सगळ्या हसल्या. अक्कासुद्धा जराशी हसली. मी दोरी वर उचलून म्हटलं, "अक्का, आत ये की. बन्नी." ती जागची हलली नाही. "नको तंगी, मग सगळ्याच येतील. वेळ थोडा दिलाय." राणीच्या साडीकडे तिनं बघितलं. करवादली असती तर मला किती बरं वाटलं असतं.

झेंडी हलली आणि घोळका निघाला. ती अशी बिनकुंकवाची आमच्या घरातून कधी गेली नव्हती. मी आत धावले. करंडा देव्हाऱ्यात सापडेना, शेवटी पायऱ्यांमागे सापडला. बाहेर आले तोवर सगळ्या समोर अक्काच्या घराशी उभ्या होत्या, त्याच्या आता रंगवलेल्या भिंतीचे फोटो काढत. मी हाक मारली. राजवाड्याकडून बँडचा आवाज येत होता आणि गल्ली माणसांनी फुलून गेली होती. माझ्यात आणि तिच्यात एक रस्ता, पण मला तो ओलांडता येईना. लोक थांबतच नव्हते.

अक्का फाटकाशी गेली होती. तिनं न बघता कडी काढली आणि एक पाऊल आत टाकलं. तिचं तिला कळलंही नसेल. पहाऱ्यावरचा माणूस लगबगीनं पुढे आला. "अम्मा, आत पाहुणे आहेत. बाहेरून बघा." नीटच बोलला तो, अदबीनं. मला कुणाला तरी शिव्या घालायच्या होत्या आणि घालण्याजोगं तिथे कुणीच नव्हतं.

"सॉरी, सॉरी," अक्का म्हणाली आणि मागे झाली. तो माणूस फाटक लावायला लागला. त्या फाटकाची कडी जराशी वर उचलून ढकलावी लागते, नाहीतर बसत नाही. त्याला ते जमेना. अक्कानं हात घालून ती उचलली, नीट बसवून दिली आणि पिवळ्या टोप्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.