ऑइल फिल्टरला लावलेला कौल

माझ्या बाईकला ऑइल फिल्टर कोणता बसवावा, हा प्रश्न गेल्या दसऱ्याला आमच्या देवासमोर गेला.

आधी तो माणसांसमोर जाऊन आला होता, पण माणसांना मेलं काही उरकता येतं का? माझे सासरे डोंबिवलीचे. त्यांचं म्हणणं, फिल्टर कंपनीचाच हवा, लोकल घालणं म्हणजे इंजिनाला विष पाजणं. त्यांचाच मुलगा मनोज, म्हणजे माझा मेव्हणा, त्याच घरात बसून मला फोन करायचा, की भावोजी, कंपनीचा म्हणजे नुसता खोका, आतला माल तोच, येडे बनू नका. मी कुठलाही बसवला तरी त्या घरात एकजण माझं तोंड बघणार नव्हता. मग मी काय केलं? काहीच बसवलं नाही. गाडी तशीच दामटत राहिलो आणि आतल्या तेलाचं डांबर झालं.

आता बायकोचं सांगायला हवं. दसऱ्याला संध्याकाळी स्मिताच्या माहेरी सगळे जमतात, सासरे सोनं वाटतात आणि मग पानं वाढतात. आदल्या वर्षी त्या वेळेला आम्ही शिळफाट्याला बंद बाईकशेजारी उभे होतो. त्याच्या आदल्या वर्षी कळव्यात. दोन्ही वेळा आम्ही पोचलो तेव्हा श्रीखंडाचं पातेलं घासून पालथं घातलेलं! या वेळी स्मिता शांतपणे म्हणाली, "यंदा उशीर झाला तर मी तिकडेच राहीन. दिवाळी करूनच येईन." ती ओरडते तेव्हा घाबरायचं नसतं. शांतपणे बोलली की संपलं.

मी खोपटला स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो आणि दोन्ही फिल्टर घेऊन आलो. हो, दोन्ही! (ठरवता आलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं.) दसऱ्याला गॅरेजवाले गाड्यांना हार घालतात, काम करत नाहीत. म्हणून सकाळी मीच आमच्या बाळकुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बाईकखाली घमेलं लावलं, सगळं तेल सोडलं, जुना फिल्टर काढून घंटागाडीत टाकला आणि नवा आणायला वर गेलो.

फिल्टर टेबलावर नव्हते. दोन्ही देव्हाऱ्यासमोर पाटावर बसले होते, सुरी, इस्त्री आणि माझ्या पान्यांच्या रांगेत, हळदकुंकू लावून. वर कुलदेवाच्या टाकावर पाण्याने चिकटवलेल्या दोन पाकळ्या.

"आई, हे काय?"

"कौल लावलाय," आई म्हणाली. "कशाला हात लावू नको. आणि पंखा बंद कर."

(आमच्या कोकणातल्या गावी लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं देवाला असंच विचारतात. उजवी पाकळी आधी पडली की हो, डावी पडली की नाही. तिथे गुरव कौल लावतो. बाळकुममध्ये आई लावते.)

मी मनात धरलं, उजवी म्हणजे कंपनीचा, डावी म्हणजे लोकल. बरंच झालं म्हटलं, डोंबिवलीला देवाचं नाव पुढे करता येईल. आणि समोर बसलो. पाकळ्या पडेनात! चहा झाला, जेवण झालं, पंख्याशिवाय मी घामाने निथळलो. एकदा हळूच फुंकर मारायला तोंडाचा चंबू केला, तर आईने पाठीत धपाटा घातला. सासऱ्यांचा फोन आला, बसवला का कंपनीचा? मी म्हटलं, ठरतंय. कोण ठरवतंय ते सांगायची हिंमत झाली नाही. तिकडे स्मिता बॅग भरत होती. मी डोकावून पाहिलं तर तिने स्वेटर घेतलेला!

दुपार कलली आणि उजवी पाकळी पडली. मी झडप घालून कंपनीचा फिल्टर उचलला. आईने तो माझ्या हातातून काढून परत पाटावर ठेवला.

"अगं, उजवा दिला ना! कंपनीचा!"

"फिल्टरचं कोणी विचारलं?" आई म्हणाली. "मी विचारलं, याला गाडीला हात लावण्यापासून अडवू का? देव हो म्हणाला."

देवाने हे सकाळी, तेल आत असताना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी एवढा चिडलो होतो की तडक खाली जाऊन रिक्षा केली. स्मिता बॅग मांडीवर घेऊन बसली.

पोचलो तर श्रीखंड अजून वाढायचं होतं! सासऱ्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि विचारलं, कोणता बसवलात? म्हटलं, कोणताच नाही. आजवर कशावर एकमत न झालेले ते बापलेक एकदम म्हणाले, हे मात्र उत्तम केलंत. रात्री स्मिता स्वेटरसकट माझ्याबरोबर परत आली.

पुढे गॅरेजवाल्याने त्याच्या मनाने कुठलातरी फिल्टर बसवला. बाईक आता झक्कास चालते. आता परत दसरा आलाय, आणि स्मिताने मला आत्ताच बजावलंय, "सकाळी उठल्या उठल्या तेल सोडून ठेव. मला वेळेवर पोचायचंय."