आईच्या बोटांना मासा कळला

मित्रांनो, आम्ही सोलापूरची माणसं. समुद्र आम्ही चित्रातच बघितलेला. सध्या देवगडला बहिणीकडे आलोय आणि आज सकाळी दाजींनी मला नि आईला छोट्या होडीतून समुद्रात नेलं.

आई अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल शिवायची. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात हलतो, पण बोटांना काही कळत नाही. चहा गरम आहे का, हेसुद्धा ती डाव्या हाताने बघते.

पाणी इतकं संथ होतं की आपण झोपेतच आहोत असं वाटत होतं. दाजींनी गळाचा दोर आईच्या डाव्या हातात दिला. तिने तो हळूच उजव्या हातात घेतला.

"आई, लाटेची ओढ सावकाश येते, सावकाश जाते," दाजी म्हणाले. "मासा टकटक करतो."

दोर धरून बराच वेळ गेला. मग आई कुजबुजली, "कायतरी टोचतंय की रं."

"लाट असंल," मी म्हणालो.

"न्हाय, लाट न्हाय ही. बोटाला कळतंय मला!"

दाजींनी दोर ओढला. मासा निसटला होता, आमिष अर्धं खाल्लेलं. मी हळहळलो. आई मात्र हसत होती.

डॉक्टर काय म्हणतील, माहीत नाही. तुमच्या घरी कुणाचं असं काही परत आलंय का? सांगा.

आत्ता ती ओसरीवर बसून उजव्या हाताने एकेक गोष्ट चाचपतीय. भिंत, मांजर, मग माझा गाल.

"लई खरखरीत हाय," म्हणाली. "दाढी कर."