आईच्या आवाजाचं यंत्र

पोटापाण्यासाठी मी नागपूरला प्रोग्रामिंग करते, पण खरी मजा येते ती शनिवार-रविवारी, हिंगणीच्या घरी. भंगारातल्या मोटारी, जुने मोबाइल, वायरींचा गुंता, असलं काही हातात नसलं की माझं डोकं फिरतं. आईला कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर तिचं उत्तर एकच, "कम्प्युटरवर बसते." भारी राग यायचा मला. बसते म्हणे!

आमचं वाल अन् टमाटरचं वावर जंगलाला लागून. बाबा सकाळीच माल घेऊन सेलूच्या बाजारात जातात, म्हणून वांदरं हाकलायची पाळी आईची. चार वर्षांत ती कारंजाला मावशीकडे मुक्कामाला गेली नव्हती. मावशी रुसून बसली तरी हिचं आपलं तेच, "मी गेली तं राखण कोन करन?" मी म्हटलं, थांब, हे कोडं मी सोडवते, अन् ऑफिसचं काम काही आठवडे घरूनच करायचं ठरवलं.

वावरात लाकडी बल्ली रोवून तिच्यावर भोंगा अन् जुन्या मोबाइलचा कॅमेरा बांधला. शेकडो फोटो दाखवून त्याला वांदर ओळखायला शिकवलं, आणि वांदर दिसलं की भोंग्यातून वाघाची डरकाळी! पहिल्याच दिवशी शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाया विळे टाकून पळाल्या. आमच्याकडे वाघ खराच फिरतो, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नाही. बायांनी मला असं झापलं की विचारू नका. शेजारचे काका म्हणाले, "एवढी शिकली अन् वांदरं हाकून राह्यली." अन् वांदरं? तिसऱ्या दिवशी भोंग्यावर बसून शेंगा सोलत होती.

मग मी आईचं ओरडणं भरून घेतलं. "हाडऽऽ! तुह्या बापाचं वावर हाय काय?" अशा अकरा आरोळ्या, एकीसारखी दुसरी नाही. दोन दिवस चाललं, मग त्यालाही वांदरं सरावली. मी पार वैतागले. सगळं उपटून फेकायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, "आवाजाले कोन भेते वं? आवाजामागून गोटा येते, म्हून भेते."

दुसऱ्या दिवसापासून ती गोफण घेऊन वावराच्या कडेच्या तुरीआड लपली. भोंगा ओरडला की हिचा गोटा वांदराच्या बाजूला धप्पकन पडलाच. असं रोज, आठ दिवस. मी घरी ऑफिसचं काम करता करता मोबाइलवर बघत होते. मी यंत्राला वांदरं ओळखायला शिकवली होती, तिने वांदरांना यंत्र ओळखायला शिकवलं. आमच्या ऑफिसात एवढ्या डोक्याचा माणूस नाही, छातीठोकपणे सांगते.

त्या शनिवारी उजाडायच्या आत तिला गाडीवर बसवून कारंजाला नेलं. मावशीने समोर पोहे ठेवले, पण ही हात लावेना. नजर माझ्या मोबाइलवर, त्यात आमचं वावर दिसत होतं. नऊच्या सुमारास कळप बांधावर उतरला. गोटा मारायला तिथे कोणीच नव्हतं. भोंगा ओरडला. बाकीची दबकली, पण मोठा हुप्प्या जागचा हलला नाही, तुरीकडे पाहत राहिला. आईने माझं मनगट आवळलं. भोंगा परत ओरडला. हुप्प्या उठला, वळला, अन् अख्खा कळप त्याच्यामागे जंगलाकडे सुसाट.

"अवो माय!" मी ओरडलेच.

मावशी मोबाइलवर वाकली. "हे काय वं? तुही पोरगी करते तरी काय?"

आता आई "बसते" म्हणेल असं वाटलं.

"आवाज माहा हाय," आई म्हणाली, "अन् डोस्कं तिचं. तिनं मले सुट्टी देल्ली." मग पोह्यांची ताटली मावशीकडे सरकवली. "गरम करून आन. दोन दिवस इथंच हाय मी."