दिवंगताच्या फोटोतला खांदा

स्टुडिओत त्या सुताराला सगळे दिवंगत म्हणायचे. पाठीमागे कुजबुजत नव्हे, चारचौघांत, मोठ्यानं. "दिवंगत, जरा हातोडी आणा." "दिवंगत, चहा घेणार का?" "दिवंगत आज उशिरा आले, तब्येत बरी आहे ना?" नव्यानं कामाला लागलेला माणूस हे ऐकून दचकायचा. मग कोणीतरी त्याला सेटवरच्या दिवाणखान्यात न्यायचं आणि भिंतीकडे बोट दाखवायचं. तिथं काळ्या चौकटीत, खाली मिणमिणता दिवा आणि ताजी फुलं अशा थाटात सुतार लटकलेला असे. आणि त्याच खोलीत, दाराशी उकिडवा बसून, तोच सुतार बिजागरी बसवत असे.

मालिका प्रेमाची होती, म्हणजे रडण्याची होती. दिग्दर्शकाचं म्हणणं सरळ होतं, जिवंत नवऱ्यावर प्रेम करणारी बाई बघायला कोण बसतं? म्हणून पहिल्याच भागात नायिकेचा नवरा गेला आणि तेव्हापासून ती रोज संध्याकाळी भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहून मन मोकळं करत होती. सासूनं छळलं की फोटो, दिरानं डाव टाकला की फोटो, आणि काहीच घडलं नाही तर त्या दिवशी सगळा भागच फोटो.

आता तो फोटो सुताराचा कसा, तर केवळ घाईमुळे. नवरा म्हणून ज्या नटाला घेतलं होतं त्याचा फोटो पहिल्या दिवशी आलाच नाही. सुताराला चौकट टांगून बघायची होती, कारण काचेवर दिव्यांची तिरीप पडली की कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग दिसतो, आणि तिरीप बघायची तर काचेमागे काहीतरी असावं लागतं. त्याच्या पिशवीत आदल्याच दिवशी मोठा करून आणलेला फोटो होता. लेकीच्या लग्नात काढलेला, तो आणि बायको शेजारी शेजारी. फोटो आडवा, चौकट उभी. तेव्हा त्यानं बायकोला दुमडून मागं घातलं. मनात काही वाईट नव्हतं, लाकडात काम करणारा माणूस मापाला चिकटतो. तरी पूर्ण दुमडली नाहीच, डाव्या कडेला तिच्या निळ्या कपड्यातला खांदा राहिला.

तिरीप कुठं पडते ते बघायला तो मागं सरकला, तेवढ्यात नायिका आली. तिला फोटोसमोर रडायला सांगितलं होतं. समोर फोटो होता. ती रडली. अशी रडली की प्रकाशयोजनेचा माणूससुद्धा नाक ओढायला लागला. (तिची अक्कलदाढ येत होती हे नंतर कळलं.) दिग्दर्शक म्हणाला, असं रडणं पुन्हा मिळायचं नाही, हेच ठेवा. आणि एकदा ठेवलं म्हणजे ठेवलं. जिवंत माणसाचे नाक-डोळे मालिकेत तीनदा बदलले तरी लोक खपवून घेतात, मेलेल्याचा चेहरा मात्र बदलता येत नाही.

सुताराचं नशीब तिथून उघडलं. जन्मभर त्यानं दारं केली, खिडक्या केल्या, पडायला आलेल्या भिंती एका दिवसात उभ्या केल्या. कोणी मान वर करून बघितलं नव्हतं. आता नुसतं लटकल्यावर जग त्याच्या प्रेमात पडलं. न्हाव्याकडे त्याला थांबावं लागेना. वाणी त्याच्याशी अदबीनं, हळू आवाजात बोलायला लागला. एकदा बसमध्ये एक म्हातारी उठून उभी राहिली आणि त्याला जागा दिली. "बसा हो," ती म्हणाली, "किती चांगला माणूस होतात तुम्ही." सुतार बसला. खोटं कशाला सांगायचं, त्याला हे फार आवडायचं.

त्याची बायको कपडे दुरुस्त करायच्या दुकानात बसायची. कॉलर उलटवणं, चेन बदलणं, जाड झालेल्या माणसांच्या विजारी सैल करणं. बोलणं बेताचं. सुरुवातीला तीही मालिका बघायची. फोटोचा प्रसंग आला की नवऱ्याला कोपरानं ढोसायची. "बघा, रडतेय तुमची." मग त्याच्या छातीत कळ आली. कामावरच आली. लाकडाची फळी हातातून सुटली आणि पाठोपाठ तोही खाली बसला. दवाखाना झाला, रक्ताची बंद पडलेली वाट डॉक्टरांनी उघडली, महिनाभर घरी काढून तो परत कामाला लागला. तेव्हापासून बायको मालिकेला बसेना. दिव्याचा प्रसंग सुरू झाला की तिला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं.

आणि एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "तो फोटो काढा."

"कुठला?"

"भिंतीवरचा. तुमचा."

"असा कसा काढणार? पुढचं मागचं जुळायला नको? काल होता, आज नाही, लोक काय म्हणतील?"

"बरं," ती म्हणाली.

पण सोडलं नाही. अधूनमधून, त्याच सुरात, गळका नळ बघा म्हणावं तसं ती म्हणायची, अहो, तो फोटो काढा. नळही गळतच होता. सुतार दोन्हींना हो म्हणायचा आणि पुढं ढकलायचा. नळाचं कारण आळस होता. फोटोचं कारण त्यानं स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नाही. जिवंतपणी इतका मान मिळतो कुणाला?

एवढ्यात लोकांना खांदा दिसला. इतके दिवस दिसला नव्हता असं नाही, पण एका बाईनं वाहिनीला फोन करून विचारलं, तो निळा खांदा कोणाचा? नायिकेचा म्हणावा तर आपले लग्नाचे कपडे लाल होते हे ती फोटोला कितीदा सांगून चुकली होती. मग फोनांची रांग लागली. मालिकेची लेखिका हुशार बाई. ती फोटोसमोर स्टूल घेऊन बसली, खांद्याकडे टक लावून बघितलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दिवंगताला दुसरी बाई लावून दिली. आठवड्याभरात त्या खांद्याची मालकीण म्हणून एक नटी आली, उंच, निळ्या कपड्यात, डोळ्यांत खोल दुःख. तिनं आल्या आल्या सुताराला विचारलं, "काका, फोटोत मी तुमच्या डावीकडे ना?"

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईशी संसार केला, ज्या बाईनं लेकीच्या लग्नात चार दिवस पाठ टेकली नव्हती, तिचा खांदा, आणि त्याला ही बया येऊन चिकटते? तो तडक दिग्दर्शकाकडे गेला.

"साहेब, तो खांदा माझ्या बायकोचा आहे."

"अरे वा," दिग्दर्शक म्हणाला, "छान आलाय."

"तिची बदनामी होतेय."

"खांद्याची?"

बरीच वादावादी झाली. सुतार सहसा आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला, आणि छातीवर हात ठेवला तसा दिग्दर्शक नरमला. सेटवर दिवंगत खरोखरच दिवंगत व्हायला नको होता. शेवटी तोड निघाली. नायिका कात्री घेईल, दुसऱ्या बाईचा खांदा फोटोतून कापून टाकेल, नवऱ्याला क्षमा करेल, आणि उरलेला फोटो पुन्हा भिंतीवर लावून त्याच्यासमोर रडेल. लेखिकेच्या अंगावर काटा आला. म्हणाली, हा भाग लोक विसरणार नाहीत.

सुतार त्या संध्याकाळी छाती काढून घरी गेला. बायको एक कोट उसवत बसली होती. त्यानं सगळी हकीकत सांगितली, आपण काय म्हणालो ते जरा वाढवून सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "उद्या तुझा खांदा कापणार. कायमचा निकाल."

"मला कापणार," बायको म्हणाली, "आणि तुम्ही वरच."

"अगं, तुझी अब्रू—"

"मला त्या बाईचं काही नाही. असू दे ती शेजारी. कपडे बरे घालते." तिनं कोट बाजूला ठेवला. "खांदा राहिला तरी चालेल. तुम्ही तेवढे खाली या."

सुतारानं पुन्हा सुरू केलं, की पुढचं मागचं जुळावं लागतं, प्रेक्षक सोडत नाहीत, साहेबांनी आपला एक शब्द राखला तर आता दुसरा कुठल्या तोंडानं टाकायचा. बायको वाद घालत नव्हती. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा ओठांत ओला केला, टोक चिमटीत दाबलं, सुईपाशी नेलं, गेला नाही. पुन्हा नेलं. गेला नाही. ही बाई बोलता बोलता, न बघता दोरा ओवायची. सुताराचं बोलणं चालूच होतं, पण मध्येच त्याच्या लक्षात आलं की दोरा अजून बाहेरच आहे. तो बोलायचा थांबला. तिनं सुई टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवली आणि ताटं घ्यायला उठली.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी सेटवर पोचला. शिडी लावली, चौकट उतरवली, फोटो बाहेर काढला, जपून सरळ केला आणि पिशवीत घातला. मग खिळा उपटला. भिंतीला भोक तसंच सोडणं त्याच्या हाताला जमलं नसतं, म्हणून त्यात लांबीचा लगदा भरला, पॉलिशकागद फिरवला, वरून रंगाचा हात दिला. दिवा आणि फुलं खाली तशीच राहिली, कोऱ्या भिंतीसमोर.

नायिका कात्री घेऊन आली. तिनं भिंतीकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं. "काका, तुम्ही कुठं गेलात?"

दिग्दर्शकानं आकाशपाताळ एक केलं. फोटो कुठाय, कुणी काढला, अर्ध्या तासात परत लागला पाहिजे. सुतार पिशवी छातीशी धरून उभा होता. "माझा आहे," तो म्हणाला. "घरी नेतोय." कामावरून काढीन, अशी धमकी मिळाली. "बरं," तो म्हणाला. हे 'बरं' त्यानं बायकोकडून इतक्यांदा ऐकलं होतं की अगदी तिच्यासारखंच आलं.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकायला हरकत नाही. त्याला कामावरून काढलं नाही, कारण संध्याकाळपर्यंत एक जिना हवा होता. लेखिकेनं रिकामी भिंत बघून कथा फिरवली, नायिकेनं म्हणे रागाच्या भरात फोटो जाळून टाकला, आणि तिथून पुढं ती रडायची बंद होऊन मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालायला लागली. लोकही तिच्या बाजूनं झाले. न्हावी सुताराला ताटकळत ठेवू लागला. वाण्याचा आवाज मूळपदावर आला. बसमधली म्हातारी एकदा भेटली, तिनं तोंड फिरवलं आणि शेजारणीला ऐकू जाईल इतपत म्हणाली, "दिसतो कसा साळसूद." स्टुडिओतही त्याला कोणी दिवंगत म्हणेना. नुसतं "ओ सुतार" म्हणायचे. त्याला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी तो घरी आला, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "काढला."

बायकोनं पिशवीत डोकावून बघितलं. फोटो बाहेर काढला नाही. खुर्ची ओढून बसली.

"साहेब काय म्हणाले?"

"ओरडले."

"मग का काढलात?"

"तू म्हणालीस म्हणून."

"कारण विचारलं नाहीत कधी."

"नाही विचारलं," सुतार म्हणाला. खरंच विचारलं नव्हतं.

ती थोडा वेळ टेबलावरचा चुरा बोटानं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला आत नेलं ना त्या दिवशी, तेव्हा बाहेर बाकावर बसवलं आम्हाला. भिंतीवर टीव्ही होता. मालिका लागली. ती आली, दिवा लावला आणि वर तुम्ही. माझ्या बाजूला दोघी बसल्या होत्या, त्यांचंही माणूस आतच होतं, तरी त्या तिच्यासाठी रडायला लागल्या. किती चांगला होता बिचारा, म्हणाल्या. मी बघत बसले. मला वाटलं, हे काय, मला कुणी सांगितलंच नाही, आणि इथं सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, वाचले, आता काळजी नको. मी त्यांना विचारलं, मग त्यांना भिंतीवर कशाला लावलंय? डॉक्टरांना वाटलं माझं डोकं फिरलं. त्यांनी मला पाणी दिलं."

सुतार उभाच होता.

"आणि ती कशी रडते बघा," बायको म्हणाली. "मला तसं यायचं नाही. मी तिथं बसून करून बघितलं. येईना. मला नुसतं उठून तुम्हाला घरी आणायचं होतं."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. काढा म्हटलं होतं."

"हे नाही सांगितलंस. हे कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी—"

"हे ऐकून कोणीही काढला असता," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांनीसुद्धा."

सुतार तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं. ते काही केल्या आवरेना. बायको त्याचा हात धरून बसून राहिली.