अनाजोनचं खरबूज

भाचीचं खरबूज मी उभ्याउभ्या खाल्लं, हे मी नाकारत नाही. अर्धंच खाल्लं, हेही लिहून ठेवतो. पंपाच्या दुरुस्तीवरून भर दुपारी घरी आलो, ओसरीच्या सावलीत ते पडलं होतं, सुरी हाताशी होती. बिया कोंबड्यांना टाकल्या. उरलेल्या अर्ध्याला हात घातला तर ते कलंडलं, आणि खालच्या सालीवर बोटाएवढ्या जाड अक्षरांत नाव दिसलं: अनाजोन.

जूनमध्ये फळ लिंबाएवढं होतं तेव्हा तिनं खिळ्यानं ते कोरलेलं. फळ वाढलं तशी अक्षरंही फुगली. आमच्याकडची सगळीच पोरं असं कोरतात आणि विसरतात. ही आठ वर्षांची बया मात्र रोज सकाळी अमूदर्या नदीच्या कालव्यावरून पाण्याचा डबा भरून आणायची आणि फळाखालची वाळू हलवून मऊ करायची. का, तर "एका कुशीवर पडून त्याचं अंग दुखतं."

कारण तसंच होतं. ऑगस्टात आमच्या मोहल्ल्यात खरबुजांचा सण असतो. पोरांनी आपल्या हातानं पिकवलेलं फळ आणायचं आणि मतनियाज बोबांनी चाखायचं. बोबा म्हणजे मोहल्ल्यातले सगळ्यांत म्हातारे. तोंडात दात दोन, जीभ मात्र शाबूत. त्याच्या आदल्या वर्षी अनाजोनचं फळ चाखून ते म्हणाले, "पोरी, काकडी छान आहे." झालं! वर्षभर ती काकडीच झाली. शाळेत काकडी, कालव्यावर काकडी. खरं सांगायचं तर दोनचारदा मीही हाक मारली.

ते नाव तिला या सणाला पुसायचं होतं. आणि सण परवावर आला होता.

तेवढ्यात ती ओसरीवर आली. तिनं सालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रडली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

"मामा, गोड होतं?"

"साखर होतं गं."

"सगळ्यांसमोर सांगशील?"

"काय, चोरून खाल्लं म्हणून?"

"मग काय, तुला आमंत्रण होतं?"

कापलेलं फळ दोन दिवस टिकणार नव्हतं. तिनं आईकडून त्याच्या लांब पट्ट्या कापून घेतल्या, धाब्यावर उन्हात टाकल्या आणि गांधीलमाश्या हाकलत बसली. सणाच्या दुपारी त्या चिकट पट्ट्यांची वेणी घातली.

संध्याकाळी गल्लीत पाणी शिंपडलं, तुतीच्या झाडांखाली गालिचे पडले, डफ वाजू लागला. बाकीची पोरं पोटाशी खरबुजं धरून आली. अनाजोन ताटलीत वेणी घेऊन आली.

"बघा रे, काकडी वाळवून आणली!" शेजारचा शुहरत ओरडला. सगळे हसले. ती ताटली घट्ट धरून उभी.

बोबांनी तुकडा तोंडात टाकला आणि या गालातून त्या गालात फिरवत राहिले. डफवाला थांबला.

"गोड आहे," ते अखेर म्हणाले. "पण उन्हात वाळवलं की सगळंच गोड लागतं. ताजं कसं होतं, ते कोण सांगणार?"

अनाजोननं माझ्याकडे बघितलं. ज्यांच्या घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, ते समोरच्याच गालिच्यावर बसले होते. मी उठलो.

"बोबा, ताजं मी खाल्लं. न विचारता."

"किती?"

"अर्धं."

"खरबूज खातात तसं, नानबरोबर?"

"नान आणायला आत जाण्याइतका धीर नव्हता."

बोबा असे हसले की दोन्ही दात दिसले. "ऐकलंत? अरे, काकडी कोणी चोरून खातं का? आजपासून हिला काकडी म्हणेल त्याची माझ्याशी गाठ आहे!"

डफ पुन्हा सुरू झाला. आमचा लाझगी नाच बोटांपासून चढतो. आधी नुसती बोटं थरथरतात, मग मनगटं, मग खांदे. अनाजोनची बोटं चिकट होती, तरी थरथरली. मग एक चप्पल उडाली, मग दुसरी. डोक्यावर खरबुजाची साल टोपीसारखी घालून ती अंधार पडेपर्यंत नाचली. मधेमधे येऊन दुसऱ्यांच्या खरबुजांच्या फोडी खायची, कोपरापर्यंत रस ओघळायचा. शुहरतची फोड चाखून म्हणाली, "पाणचट आहे रे."

घरी जाताना माझ्या पाठीवरून पेंगुळल्या आवाजात आलं, "मामा, माझं अर्धं खरबूज फेडायचं राहिलंय तुझ्याकडे."

उरलेल्या अर्ध्यातल्या बिया तिनं राखल्या होत्या, त्यांतून यंदा मी वेल लावला. डबा आणला, वाळू हलवली, तिच्या हुकुमानं तिचंच नाव कोरलं. गेल्या आठवड्यात फळ पिकलं, मुठीएवढं. तिनं टिचकी मारली, हुंगलं, एक घास खाल्ला.

"मामा, काकडी छान आहे," म्हणाली, आणि पुढच्या सालासाठी बियांची पुडी माझ्या हातावर ठेवली.