मामांच्या कपाटातली गाईडं

माझे मामा पुस्तक आधी ऐकत आणि मग बघत. वाचायची वेळ फार क्वचित येई. नवं पुस्तक हाती आलं की ते कानाशी धरायचे, अंगठ्यानं पुठ्ठा हळूच किलकिला करायचे आणि डोळे मिटून थांबायचे. पाठीतून बारीकसा जरी 'कर्र' आवाज आला तरी त्यांचा चेहरा पडायचा. "गम वाळलाय," म्हणायचे, "दोन उन्हाळे काढंल. तिसऱ्यात पानं हातात येतेत का न्हाई बघ." आवाज आला नाही तर मात्र स्वारी खूश. मग ते पुस्तक स्वयंपाकघरात मामींच्या पुढं धरलं जायचं, आणि मामी भाकरी थापता थापता, तिकडं न बघताच म्हणायच्या, "ब्येस हाय."

ही पुस्तकं म्हणजे व्हिडिओ गेमची गाईडं होती. मुखेडला आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी दहावी झाली तेव्हा आई सहज बोलून गेली, की तिच्या लातूरच्या भावाकडं गाईडांनी भरलेलं कपाट आहे. लातूर आणि गाईड हे दोन शब्द एका वाक्यात आल्यावर बाबांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. गावोगावची पोरं लातूरला खोल्या घेऊन राहतात, इथं तर घरचं कपाट. महिन्याभरात मी बॅग घेऊन एसटीत बसले आणि अकरावी-बारावीसाठी मामांच्या घरी येऊन पडले.

पहिल्याच दिवशी कपाट उघडलं. समोर आग ओकणारा राक्षस, त्याच्या शेजारी तलवारवाली बाई, खाली शर्यतीच्या गाड्या. मी विचारलं, "मामा, फिजिक्स कुठंय?" मामांनी थोडा विचार केला आणि एक रणगाड्याचं गाईड काढून दिलं. "ह्याच्यात गोळा कितीक लांब पडतोय ते दिलंय बघ," म्हणाले. पुढं दिवाळीच्या आधी बाबा मला भेटायला आले, तेव्हा ते पाणी पीत पीत दुरूनच कपाटाकडं बघत होते. जाड जाड रंगीत पाठी, वर इंग्रजी अक्षरं. "सगळी इंग्लिश मीडियमची दिसायलीत," असं म्हणून समाधानानं परत गेले. आमच्या तिघांपैकी कुणीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आता एखाद्या गेममध्ये अडलं की पोरं मोबाइल बघतात. पूर्वी ती सोय नव्हती. कुठल्या दारामागं काय आहे, किल्ली कुठं लपवली आहे, शेवटच्या राक्षसाला कसं मारायचं, हे सगळं नकाशांसकट छापलेली जाडजूड पुस्तकं निघत. गेम संपला की पुस्तकाचं काम संपलं, या हिशोबानं छापणाऱ्यांनी त्यांना जेमतेम गम लावलेला असे. त्यामुळं आता धड राहिलेली गाईडं मिळणं मुश्कील, आणि म्हणूनच ती जमवणारे शौकीन निघालेत. आपल्या भागात असा शौकीन एकच असावा. नांदेडच्या रद्दीवाल्यांकडं आणि हैदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात मामांना नावानिशी ओळखत. ते दिसले की रद्दीवाले चित्रांची पुस्तकं आपसूक बाजूला काढून ठेवत.

मामांच्या लेखी गाईडांच्या तीन जाती होत्या. पिनवाली, म्हणजे मधोमध दोन पिना ठोकलेली. ही बारीक असतात, पण पिन गंजली की पान खातात. गमवाली, म्हणजे पाठीला नुसता गम फासलेली. ही दिसायला रुबाबदार आणि आतून बेभरवशाची. आणि तिसरी जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्या करून त्या दोऱ्यानं एकमेकींना शिवलेली. जुजबंदी हा शब्द उच्चारताना मामांचा आवाज खाली यायचा. हीच वर्गवारी ते नातेवाइकांनाही लावत. "तुझा बाप जुजबंदी हाय," मला म्हणाले होते, "उघडायला जड, पन सुटायचा न्हाई. तुझा काका गमवाला." काका तेव्हा नुकतेच वाटणीवरून भांडून वेगळे झाले होते, त्यामुळं मला हे फारच पटलं. मामी कोणत्या जातीच्या, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिला बांधायची कुनाची टाप हाय?"

मामांचं दुकान झेरॉक्सचं, तेही ट्यूशनच्या गल्लीत. असं दुकान डोळे मिटून चालावं. पण कुणी जाड पुस्तक काचेवर पालथं घालून वरून दाबलं की मामा कळवळायचे. "हळू, हळू. पाठ हाय त्याला बी." मग ते स्वतः पुस्तक अर्धवट उघडून धरत, आणि झेरॉक्सच्या मध्ये एक काळा पट्टा येई. त्या पट्ट्यात नेमकी उत्तरं जात. पोरं चिडून समोरच्या दुकानात जायची. मामींनी एकदा विचारलं, "तुमी पुस्तकाचं दुकान चालवायलाव का पुस्तकाचा दवाखाना?" मामांना हा प्रश्न आवडला. ते दिवसभर हसत होते.

मामांचं सगळंच बरोबर असायचं असंही नाही. गमवाल्या एका गाईडाची पानं सुटली तेव्हा त्यांनी पोती शिवायचा दाभण आणि सुतळी घेतली, आणि अख्खी दुपार घालवून ते शिवून काढलं. शिवण इतकी आवळली की पुस्तक पुन्हा उघडेचना. "पन पान एक बी पडत न्हाई," असं ते छाती काढून सांगत. मामींनी ते कूलरच्या तुटक्या पायाखाली सारलं, आणि तिथं मात्र त्याच्या मजबुतीबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

हे वेड लागलं कुठून, ते मला मामींनी सांगितलं. नवीन लग्न झालेलं. मामी रेणापूरच्या, घरात फारसं कुणाशी बोलत नव्हत्या. मामांनी हैदराबादहून सीडीवर चालणारा व्हिडिओ गेम आणला, सोबत एक जुनं गाईड. दुपारी दुकान बंद करून दोघं टीव्हीपुढं बसायची. गेमचा दोन्ही हातांनी धरायचा रिमोट मामींकडं, गाईड मामांच्या हातात. मामा एकेक इंग्रजी शब्द फोडून वाचत, "डावीकडं व्हय... आता खाली... न्हाई न्हाई, वर म्हणालाय," आणि मामी त्या गेममधल्या पोराला पळवत. "ह्यांच्याशी बोलाया मला त्या गेमनंच शिकवलं," मामी म्हणाल्या. असं करत करत ती दोघं शेवटच्या भुयारापर्यंत पोचली. तिथं वेगवेगळ्या खुणा कोरलेली दारं होती. ठरलेल्या क्रमानं उघडली तरच पुढं जाता येई, एक चुकलं की पुन्हा सुरुवातीला. मामांनी पान उलटलं, तर तेवढंच पान जागेवर नव्हतं. गम सुटून कुठंतरी गळून पडलं होतं.

गेम तिथंच राहिला. मामींनी अंदाजानं दारं उघडून बघितली, मग नाद सोडला. मामांनी सोडला नाही. ते तसलंच दुसरं गाईड शोधत राहिले, आणि शोधताना हाती लागली ती बाकीची गाईडं घेत गेले. त्यातून ते कपाट भरलं. वीसेक वर्षांत ते एक गाईड दोनदा सापडलं, आणि दोन्ही वेळा शेवटची पानं गायब. एकाच घाण्याचा गम तो, तिथंच सुटायचा.

हे ऐकल्यावर मी शहाणपणा केला. मोबाइल काढला, आणि चहा उकळेस्तोवर त्या दारांचा क्रम शोधून मामांपुढं धरला. मामांनी तोंड फिरवलं. "नको दावू. हे पेपर फुटल्यावानी झालं."

"आणि गाईड म्हणजे काय मग?"

"गाईड छापून येतंय. त्याला बांधणी असती."

मी मामींकडं बघितलं. मामी उजवा अंगठा चोळत होत्या. त्यांना संधिवात सुरू झाला होता. सकाळी पोळपाट धरताना बोटं वळत नव्हती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे वाढतच जाणार. म्हणजे गाईड सापडलं तरी रिमोट धरणारा हात राहील का, हा प्रश्न होता. मला मामांचा भयंकर राग आला. मी म्हणाले, "मामी, तुम्ही तरी बघा. मामांना कळणारही नाही." मामी म्हणाल्या, "मला कळंल की."

मामांनीही तो अंगठा बघितला होता. त्यानंतर त्यांचं रद्दीवाल्यांकडं जाणं वाढलं. नायगावच्या बाजारापर्यंत जाऊन आले. शेवटी हैदराबादचा एक शौकीन निघाला, ज्याच्याकडं ते गाईड शेवटच्या पानासकट होतं. पण त्याला बदल्यात मामांकडची एकुलती एक पुठ्ठा बांधणीची जुजबंदी हवी होती. कपाटातला राजा तो. मामा पाहुण्यांना ती हातात देत नसत, नुसती दाखवत. ती त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळली, वर खोकं, खोक्यावर चिकटपट्टी, आणि कुरियरवाल्याला चार वेळा सांगितलं की आडवी ठेव. परत येताना मला म्हणाले, "चांगली व्हती. पन तिच्यात आमचं काय न्हाई."

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. कपाट मामींनी जागचं हलवू दिलेलं नाही. मी नांदेडला फार्मसी केली आणि तिथंच नोकरीला आहे. बाबांच्या मते ती गाईडं नीट वाचली असती तर मेडिकल मिळालं असतं. मामांची आठवण निघाली की मला मात्र परीक्षेनंतरचा तो रविवारच आठवतो. माझी बॅग भरून झाली होती, दुसऱ्या दिवशी मी मुखेडला निघणार होते, आणि आदल्याच संध्याकाळी ते गाईड आलं होतं.

मे महिन्याची दुपार. दुकान बंद, कूलर सुरू. जुना गेम जोडला, गेम जिथं सोडला होता ते भुयाराचं दार त्याच्या मेमरी कार्डावर अजून तसंच होतं. मामांनी गाईड कानाशी धरलं. आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. गम वाळून पापड झालेला. मामांनी हलक्या हातानं ते किलकिलं केलं आणि पान काढलं. पान होतं. मामा वाचू लागले, "पहिलं माशाचं... मग झाडाचं... मग नांगरावानी काय तरी हाय ते." मामी पळवत होत्या. आणि मामा थांबले. नकाशा दोन पानांवर पसरलेला होता, आणि पुढची दारं पाठीच्या घडीत गेलेली.

"पुढं सांगा की," मामी म्हणाल्या. त्यांचा अंगठा सुजला होता. मामांनी पुस्तक तिरकं केलं, टॉर्च मारला, डोळा लावून आत बघितलं. काही दिसेना. मामींनी एकदा हात झटकला आणि पुन्हा रिमोट धरला. ते बघून मामांनी पुस्तक खाली फरशीवर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी सपाट दाबलं.

काडी मोडावी तसा आवाज झाला. पाठ उभी फुटली, पानं फरशीवर पसरली आणि कूलरच्या वाऱ्यानं उडू लागली. मामी दचकल्या. "अहो, काय केलंत हे? मोडलं की."

"मोडू दे. तू पुढं बघ. चांदनीचं दार हाय."

नकाशाचं पान मी झडप घालून पकडलं. सुटं पान हातात धरायला फार सोपं असतं, हे मला तेव्हाच कळलं. मी ते दोघांच्या पुढं धरून बसले आणि वाचू लागले. चांदणी, दिवा, साप. दारं उघडत गेली, आणि शेवटचा राक्षस समोर आला. त्याला मारायला उजवीकडची बटणं भराभर दाबावी लागत होती. मामींचा अंगठा दोनतीनदा दाबून थांबला. मामींनी प्रयत्न केला, पुन्हा केला, आणि रिमोट मांडीवर ठेवला. "माझ्यानं न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या. "तुमी घ्या."

"मला कुठं येतंय? म्या जलमात धरला न्हाई." मग मामा खाली बघून म्हणाले, "लई उशीर केला म्या. पोरगी म्हणत व्हती तवाच बघायला पायजे व्हतं."

"ते राहू द्या," मामी म्हणाल्या. "डावा हात माझा चांगला हाय. पळायचं मी बघते. तुमी उजवीकडची बटनं तेवढी हाना."

मामा सरकून खांद्याला खांदा लावून बसले. रिमोटचं डावं टोक मामींच्या हातात, उजवं मामांच्या. मी पानावरून सांगत होते, "आता उडी. आता मारा." पहिल्यांदा मेले. दुसऱ्यांदाही मेले, कारण मामा बटण दाबायच्या ऐवजी बटणाकडं बघत होते. मामी हसायला लागल्या. "नजर टीव्हीकडं ठिवा, टीव्हीकडं." किती वेळा मेले कुणास ठाऊक. हळूहळू मामांचं मारणं मामींच्या पळवण्याशी जुळायला लागलं, आणि एकदा तो राक्षस डळमळला, गुडघ्यावर आला आणि विरघळून गेला.

पडद्यावर काळ्यावर पांढरी नावं खालून वर सरकू लागली.

"संपलं?" मामींनी विचारलं.

"संपलं."

"ही नावं कुनाची?"

"ज्यांनी केलं त्यांची आसतील."

मी बंद करायला उठले. मामी म्हणाल्या, "राहू दे गं थोडं." मी पान घेऊन पुन्हा खाली बसले. नावं सरत होती, आणि दोघांनीही रिमोट सोडला नव्हता.