चौघांत एक मशीन

नवा रायपूरला आमचं इमारतींचे नकाशे काढायचं छोटं ऑफिस होतं. मालकाने एकच तगडा कॉम्प्युटर घेतला होता आणि आम्ही चौघं घरी बसून, आपापल्या साध्या लॅपटॉपवरून त्याच्यात शिरून काम करायचो. स्क्रीन प्रत्येकाचा वेगळा, ताकद मात्र त्या एकाच मशीनची. एकाने मोठं रंगीत चित्र बनवायला लावलं की बाकी तिघं अडकायचे.

त्या अडकण्यातूनच आमच्या चौघांतल्या ताईंची ओळख झाली. त्या रायपूरच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या उरल्याला राहायच्या. रोलिंग मिलमधल्या अपघातात त्यांच्या यजमानांची पाठ गेली होती. ते अंथरुणातच असत. मी सदर बाजारामागे आईवडिलांकडे. आम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं, पण मशीन अडलं की त्यांचा फोन यायचा.

"काहून ग पोट्टी, काही मोठं लावलं का तू? माहा माउस जागचा हलून नाही राहिला."

"हव ताई, शाळेचं चित्र बनवून राहिली. थांबता का थोडं?"

"थांबते न. तेवढ्यात ह्यांले कूस बदलून देते."

फोन तसाच चालू राहायचा. मागून यजमान म्हणायचे, "त्या पोट्टीले म्हणा, आपल्यालेबी एक हवेशीर खोली काढून दे." आम्ही तिघंही हसायचो.

एका रविवारी ऑफिसची वीज गेली. परत आली तेव्हा मशीन आपणहून सुरू झालं नाही. सोमवारी सकाळी नकाशे द्यायचे होते. बाबांची स्कूटर घेऊन मी गेले, चौकीदाराकडून कुलूप उघडवलं आणि बटण दाबलं. तरी काम अर्धवटच राहिलं. मालक भडकले.

"सबको अलग कम्प्यूटर दूँगा, लेकिन अब यहीं आकर बैठना पड़ेगा."

आम्ही विनवलं, जुनं मशीन निदान ताईंसाठी तरी चालू ठेवा. ते म्हणाले, एकासाठी नियम मोडता येत नाही.

ताई ऑफिसात येऊ लागल्या. आवाजावरून मी त्यांना धिप्पाड समजत होते. निघाल्या अगदी लहानखुऱ्या. उरल्याहून ऑटो, मग कधीतरी येणारी बस, मग त्या रुंद, बिनसावलीच्या रस्त्याने पायी. यजमानांकडे शेजारीण बघायची. पण एका दुपारी तिचाच फोन आला: यजमान पाणी घ्यायला वाकले नि खाली पडले. ताईंना स्कूटरवर बसवून मी उरल्याला नेलं. दोघींनी मिळून यजमानांना उचललं, पलंगावर घेतलं. धाप लागलेली असतानाही ते माझ्याकडे बघून म्हणाले, "शाळावाली पोट्टी तूच का?"

ताई पुन्हा ऑफिसात आल्या नाहीत. पुढे दोघं गोंदियाला दिरांकडे गेले. ताई ब्लाउज शिवू लागल्या. फोन व्हायचे, पण कमी कमी होत गेले. अडायला आता काहीच नव्हतं.

यजमान गेल्यावर मी त्यांना फोन केला. काही वर्षं लोटली होती, कितीतरी ऑफिसं आता घरून काम देत होती. म्हटलं, "ताई, एका ठिकाणी तुमच्यासाठी बोलू का?"

"उशीर झाला ग. हात शिलाईवर बसला आता. कोणतं बटण कुठं होतं, तेबी आठवत नाही मले."

मला मात्र त्यांनी काढलेला एकेक जिना आठवत होता. तेवढ्या सुबक पायऱ्या आमच्यातल्या कोणालाच जमल्या नाहीत. फोनवर ते त्यांना सांगायचं होतं. पण पलीकडे शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं होतं.